फाईल आधी ऐका, मग पाठवा: शिक्षकांना सुगम दस्तऐवज शिकवताना

परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात सातवीतली एक मुलगी भेटली होती. तिला जन्मापासून दिसत नाही, पण वडिलांच्या जुन्या मोबाईलवर टॉकबॅक (पडद्यावरचं बोलून दाखवणारी अँड्रॉइड फोनमधली सोय) लावून ती सगळं स्वतः वाचायची. शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर रोज स्वाध्याय यायचा. ती पडद्यावर बोट फिरवायची आणि फोन दर वेळी एकच शब्द बोलायचा, "फोटो". कधी फळ्याचा फोटो, कधी वहीचा, कधी छापील पानाचा. मग भाऊ रानातून घरी येईपर्यंत थांबायचं आणि तो वाचून दाखवेल तेवढंच ऐकायचं. तिच्या सरांना हे सांगितलं तेव्हा ते गडबडून गेले. "मॅडम, मी तर तिच्यासाठीच रोज न चुकता टाकतो," म्हणाले. ते खरंच टाकत होते. फोटो तिच्या फोनला वाचता येत नाही, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

केंद्रातल्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या) किंवा तालुक्यातल्या शिक्षकांना सुगम फाईल बनवायला शिकवायचं काम तुमच्याकडे पहिल्यांदाच आलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. सुगम फाईल म्हणजे ज्याला दिसत नाही त्याला ऐकता येते, कमी दिसतं त्याला मोठी करून वाचता येते, माऊस धरता येत नाही त्याला कळफलकावरून चालवता येते आणि वाचताना अडखळणाऱ्या लेकराला दमवत नाही, अशी फाईल. त्यासाठी नवं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही. शाळेच्या संगणकात असलेलं वर्ड किंवा फुकट मिळणारं लिब्रे ऑफिस पुरतं.

तयारी

एका दिवसात सगळं उरकू नका. मी तीन बैठका घेते, प्रत्येकी दोन-अडीच तासांच्या, मध्ये पंधरा-पंधरा दिवस सोडून. पहिल्या बैठकीत फक्त ऐकायचं. दुसरीत वर्डवर हात बसवायचा. तिसरीत प्रत्येकाने आपली स्वतःची प्रश्नपत्रिका आणायची आणि ती खऱ्या वाचकासमोर उघडायची. मधल्या पंधरा दिवसांत शिक्षक शाळेत काहीतरी करून बघतात, अडतात आणि पुढच्या वेळी खरे प्रश्न घेऊन येतात. एका बैठकीला पंधरा-वीसपेक्षा जास्त माणसं नकोत, आणि एका संगणकावर दोघांपेक्षा जास्त नकोत. तिसरा माणूस फक्त बघत बसतो.

केंद्राच्या शिक्षण परिषदेला जोडून बैठक ठेवली तर वेगळी परवानगी आणि वेगळी सुट्टी लागत नाही. ऐन परीक्षेच्या किंवा निवडणुकीच्या कामाच्या दिवसांत मात्र ठेवू नका.

एनव्हीडीए हा पडदावाचक, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचं आवाजात वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, आदल्या दिवशीच उतरवून पेन ड्राईव्हवर घ्या. तो मोफत आहे. मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन मित्रांनी २००६ साली त्याचं काम सुरू केलं. हे शिक्षकांना आवर्जून सांगा. ही सोय ज्यांना हवी होती त्यांनीच ती बनवली, हे कळल्यावर ऐकणाऱ्याचं बसणं बदलतं. एनव्हीडीएची पोर्टेबल प्रत करता येते, त्यामुळे शाळेच्या संगणकावर काही बसवावं लागत नाही आणि पासवर्ड कुणाकडे आहे हे शोधत फिरावं लागत नाही. नेटवर विसंबू नका. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून न्या, दुपारी लाईट जाणारच असं धरून चाला. आणि एक चांगला स्पीकर न्या. पत्र्याच्या खोलीत पंखा चालू असताना लॅपटॉपचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचत नाही.

पहिली बैठक: ऐकणं

भाषणाने सुरुवात करू नका. दिव्यांगत्वाचे प्रकार, कायदा, संवेदनशीलता हे सगळं नंतर. शिक्षक आत येऊन बसले की त्यांच्यातल्याच कुणाचीतरी मागच्या महिन्यातली प्रश्नपत्रिका मागून घ्या. (आधी विचारा, संमती घ्या. चारचौघांत कुणाला खाली बघायला लावायचं नाही.) ती फाईल उघडा, एनव्हीडीए सुरू करा, पडद्यावर वही आडवी धरा आणि सगळ्यांना ऐकू द्या.

सेटिंगमध्ये आवाज मराठी निवडायला विसरू नका. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक आवाजात मराठी आहे. तो यंत्रासारखा वाटतो, पहिली पाच मिनिटं कानाला टोचतो, मग सवय होते. एवढ्या बटणांवर भागतं: इन्सर्ट आणि खालचा बाण एकत्र दाबला की तो सलग वाचतो, कंट्रोल दाबलं की थांबतो, इन्सर्ट आणि क्यू दाबलं की बंद होतो. बंद कसं करायचं ते आधी शिकवा, मग सुरू कसं करायचं ते. फोनवरच्या टॉकबॅकचंही तसंच. तो चालू झाला की एका टिचकीने फक्त निवड होते, उघडायला दोनदा टिचकी लागते आणि पान सरकवायला दोन बोटं. हे माहीत नसलेला माणूस घाबरतो आणि फोन बिघडला म्हणून परत देतो.

एनव्हीडीएच्या टूल्स यादीत स्पीच व्ह्यूअर नावाची खिडकी आहे. जे बोललं जातंय ते त्यात अक्षरांत दिसतं. प्रशिक्षणार्थींमध्ये कमी ऐकू येणारे शिक्षक असतील तर ती चालू ठेवाच. नसले तरी चालू ठेवा, कारण नेमकं कुठे गडबड झाली हे बोट ठेवून दाखवता येतं.

बहुतेक वेळा पहिल्याच फाईलमध्ये काहीतरी निघतं. एकदा आवाज अगम्य इंग्रजी अक्षरं बडबडायला लागला. एकदा "मराठवाड्यात जिल्हे आहेत" एवढंच वाचून पुढच्या प्रश्नावर गेला, कारण रिकाम्या जागेचे ठिपके त्याने उच्चारलेच नाहीत. वर्गात क्षणभर कुणी बोललं नाही. मग मागून एक वयस्क गुरुजी म्हणाले, "आहेत की. मग इचारलं काय?" त्या क्षणापासून पुढचं सगळं सोपं होतं.

युनिकोड

इथून दुसऱ्या बैठकीचं काम सुरू होतं. मराठीत सुगमतेचा पहिला अडथळा फॉन्टचा आहे, आणि इंग्रजीतून भाषांतरित केलेल्या मार्गदर्शिकांमध्ये तो नीट सापडत नाही. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपीचे जुने फॉन्ट यांत माणसाला 'क' दिसतो, पण फाईलमध्ये साठवलेलं असतं इंग्रजी कळफलकावरचं एखादं अक्षर. डोळ्यांना मराठी, यंत्राला इंग्रजी. पडदावाचक यंत्राकडचं वाचतो, त्यामुळे सगळा गोंधळ. युनिकोड ही अक्षरं साठवायची सगळीकडे चालणारी पद्धत, तिच्यात 'क' हा 'क' म्हणूनच साठवला जातो.

ओळखायचं कसं? मजकूर निवडा आणि फॉन्ट बदलून मंगल किंवा निर्मला करा. मराठी मराठीच राहिली तर युनिकोड, इंग्रजी अक्षरांचा काला झाला तर जुना फॉन्ट. किंवा एक ओळ उचलून व्हॉट्सॲपवर चिकटवून बघा.

जुन्या फायली बदलण्यासाठी फॉन्ट परिवर्तक मिळतात. पण बदलल्यावर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला, तिथे हमखास चुका राहतात. छापील किंवा फोटोतला मजकूर असेल तर तो गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडला की अक्षरं निघतात. मराठी बऱ्यापैकी येते, तपासावं मात्र लागतं.

टायपिंग येत नाही म्हणून अडून बसलेले शिक्षक प्रत्येक बैठकीत भेटतात. त्यांना फोनवर बोलून टाइप करायला लावा. जीबोर्डवर (गूगलच्या फोन-कळफलकावर) मराठी भाषा घ्यायची, माईकचं चिन्ह दाबायचं आणि वर्गात बोलतो तसं बोलायचं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या एका मॅडमनी अशा रीतीने पूर्ण धडा अर्ध्या तासात उतरवला होता. संगणकावर विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक आहे, आणि विंडोज १० पासून उच्चाराप्रमाणे टाइप करायचा फोनेटिकही. कोणता वापरायचा यावर वाद घालत बसू नका, दोन्हींतून युनिकोडच येतं.

काही सवयी इथेच मोडायला लागतात. अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग टाइप केला तर आवाज शब्दाला "ह" चिकटवतो. 'सूचना:' हे 'सूचनाः' झालं की ऐकायला वेगळंच येतं. शीर्षक शोभिवंत दिसावं म्हणून 'घ ट क चा च णी' असं अक्षरं सुटी करून लिहिलं तर ती सुटी सुटीच वाचली जातात. अक्षरांत अंतर हवं असेल तर ते फॉन्टच्या सेटिंगमधून द्यायचं, स्पेस बार दाबून नाही. आणि मजकूर निवडून रिव्ह्यू, लँग्वेज इथे भाषा मराठी ठरवून टाका. नाहीतर काही ठिकाणी इंग्रजी आवाज मराठी वाचायला जातो आणि अडखळतो.

शीर्षकं

दिसणारा माणूस पान उघडतो आणि नजर टाकून ठरवतो की चौथा प्रश्न कुठे आहे. ऐकणाऱ्याकडे ती नजर शीर्षकांतून येते. पण शीर्षक म्हणजे मोठं आणि ठळक केलेलं अक्षर नव्हे. अक्षर कितीही मोठं करा, यंत्राला ते साधं वाक्यच वाटतं. होम टॅबमधल्या स्टाइल्समधून 'हेडिंग १', 'हेडिंग २' द्यायचं. वर्डमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि १, तर लिब्रे ऑफिसमध्ये कंट्रोल आणि १. हेडिंगचा निळा रंग आवडत नसेल तर त्या स्टाइलवर उजवी टिचकी मारून एकदाच बदलून ठेवा.

शिकवताना व्ह्यू टॅबमधली नॅव्हिगेशन पेन उघडून दाखवा. शीर्षकं दिली की डावीकडे सगळ्या पाठाचा आराखडा आपोआप उभा राहतो आणि हे दिसणाऱ्या शिक्षकालाही आवडतं. मग एनव्हीडीएत इन्सर्ट आणि स्पेस दाबून एच दाबत जा. आवाज एका प्रश्नावरून दुसऱ्यावर उडी मारतो. चाळीस पानांच्या नोट्समध्ये हे नसेल तर लेकराला पहिल्या ओळीपासून ऐकत बसावं लागतं.

यादीसाठी याद्यांचं बटण आणि नवं पान हवं असेल तर पेज ब्रेक वापरा. रिकामे एंटर मारत गेलात तर ऐकणाऱ्याला "रिकामं, रिकामं, रिकामं" असं ऐकू येतं आणि फाईल संपली असं वाटून तो थांबतो.

प्रश्नपत्रिका

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. शिक्षक रोज बनवतो ते हेच, आणि लेकराचे गुण जातात तेही इथेच. वर्डमधल्या सुगमता तपासणाऱ्या सोयीला यातल्या बहुतेक चुका सापडत नाहीत. त्या माणसालाच दिसतात.

रिकाम्या जागेसाठी ठिपके किंवा रेघ ठेवा हवं तर, पण तिथे 'रिकामी जागा' हे शब्द कंसात लिहा. "मराठवाड्यात (रिकामी जागा) जिल्हे आहेत."

'अधोरेखित शब्दाची जात ओळखा' हा प्रश्न ऐकणाऱ्याला सोडवताच येत नाही. शब्दाखालची रेघ आवाजात येत नाही. वाक्य लिहून पुढे शब्द पुन्हा द्या: "नदी संथ वाहते. शब्द: संथ." लाल रंगातले शब्द, चौकटीतली अक्षरं, ठळक केलेली ओळ, सगळ्यांना हाच उपाय. रंग काढून टाकायची गरज नाही. फक्त अर्थ एकट्या रंगावर टांगून ठेवायचा नाही.

'जोड्या लावा' हा आपला आवडता प्रश्न. आपण दोन स्तंभांची तक्ता-चौकट करतो, अ गट आणि ब गट. पडदावाचक ती ओळीने वाचतो, म्हणजे अ गटातला पहिला आणि लगेच ब गटातला पहिला, जे एकमेकांचे नाहीतच. लेकराला वाटतं हीच जोडी. त्यापेक्षा आधी अ गटाची पूर्ण यादी १, २, ३, ४ अशी द्या, मग ब गटाची क, ख, ग, घ अशी, आणि उत्तर '१ ग' असं लिहायला सांगा. दिसणाऱ्या मुलांनाही हे जड जात नाही, मी दोन्ही वर्गांत वापरून बघितलं आहे.

गुण उजव्या कडेला टॅब मारत नेऊन ठेवण्याऐवजी प्रश्नाच्या ओळीतच '५ गुण' असं लिहा.

गणितात अपूर्णांक आणि वर्ग वर्डच्या समीकरणाच्या सोयीने लिहा (ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह), फोटो चिकटवू नका. खालच्या वर्गांसाठी मी समीकरणाशेजारी शब्दांतही लिहून टाकते, "एक छेद दोन", कारण तिरक्या रेघेचं काय वाचलं जाईल याचा नेम नसतो.

चित्रं आणि नकाशे

चित्रावर उजवी टिचकी मारली की ऑल्ट टेक्स्टची सोय मिळते. जुन्या वर्डमध्ये ती फॉरमॅट पिक्चरच्या आत लपलेली असते. तिथे लिहिलेलं वर्णन पडदावाचक चित्राच्या जागी वाचतो. शिक्षक विचारतात, किती लिहायचं? मी त्यांना म्हणते, चित्र बघत बघत लातूरला असलेल्या बहिणीला फोन लावा आणि पाठ पुढे चालायला हवा म्हणून तिला जेवढं सांगाल, तेवढं लिहा. एक-दोन वाक्यं होतात. 'हे चित्र आहे' असं लिहायची गरज नसते, ते यंत्र स्वतः सांगतं.

वर्णन पाठावर ठरतं. वेरूळच्या कैलास लेण्याचा फोटो इतिहासाच्या पाठात असेल तर लिहावं, "एकाच डोंगरात वरून खाली कोरत नेलेलं मंदिर, भोवती तिन्ही बाजूंना खडकाचे उभे कडे." तोच फोटो सहलीच्या निबंधात असेल तर पायथ्याशी रांगेत उभी असलेली मुलं महत्त्वाची. वर्गात एकच फोटो देऊन दोन पाठांसाठी दोन वर्णनं लिहायला लावा. या सरावाला अर्धा तास गेला तरी चालेल.

परीक्षेत वर्णनातून उत्तर फुटू नये, हा सगळ्यात अवघड भाग. समजा गोदावरीचा नकाशा दिला आणि प्रश्न आहे, 'नदी कोणत्या दिशेला वाहते?' वर्णनात 'पूर्वेला' लिहिलं तर प्रश्नच उरला नाही. आणि 'नकाशा' एवढंच लिहिलं तर लेकरू कोरं राहिलं. म्हणून लिहायचं, "नकाशाची वरची बाजू उत्तर. नदीचा उगम डाव्या टोकाला. तिच्या काठावर डावीकडून उजवीकडे क्रमाने पैठण, गंगाखेड, नांदेड." आता दिशा लेकराने स्वतः काढायची, जशी बघणारा काढतो. 'नकाशा भरा' या प्रश्नाला मात्र वर्णन पुरत नाही. तिथे समान गुणांचा वेगळा प्रश्न द्या किंवा जाड दोरा चिकटवून उठावाचा नकाशा करा.

चित्र ठेवताना ते 'इन लाईन विथ टेक्स्ट' ठेवा. तरंगती चित्रं आणि टेक्स्ट बॉक्स वाचनाच्या क्रमातून निसटतात. कडेची फुलांची नक्षी, वर्डआर्टमधलं शाळेचं नाव यांचा कुणालाच उपयोग नाही, ते काढा. ठेवायचंच असेल तर नव्या वर्डमध्ये 'डेकोरेटिव्ह' अशी खूण करता येते.

तक्ते

आपल्या शाळांच्या वेळापत्रकात मधल्या सुट्टीचा एक उभा स्तंभ असतो आणि त्यात वरून खाली एकेका रकान्यात 'म', 'ध', 'ली', 'सु', 'ट्टी' लिहिलेलं असतं. ऐकणाऱ्याला सोमवारी 'म'चा तास लागतो आणि मंगळवारी 'ध'चा. प्रत्येक रकान्यात 'मधली सुट्टी' पूर्ण लिहा. रकाने एकत्र करू नका, मोकळे ठेवू नका, आणि पहिल्या ओळीला टेबलच्या सेटिंगमधून शीर्षक ओळ ठरवा. स्पेस बार दाबून बनवलेला तक्ता हा तक्ता नसतोच.

कमी दिसणारे, अडखळत वाचणारे, ऐकू न येणारे

पडदावाचकावर इतकं बोलताना ही मुलं मागे पडतात, म्हणून त्यांना दुसऱ्या बैठकीत वेगळी जागा द्या. वर्गात अशी मुलं दृष्टिहीनांपेक्षा जास्त असतात, फक्त ओळखू येत नाहीत. अक्षर निदान १४ चं, ओळींमध्ये दीड पट अंतर, मजकूर डावीकडे जुळवलेला. दोन्ही कडा सारख्या करायला गेलं की शब्दांमध्ये वेडीवाकडी पोकळी पडते आणि अडखळत वाचणाऱ्याची ओळ सुटते. पानभर ठळक किंवा तिरकी अक्षरं नकोत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक निदान ४.५ ला १ असावा, असं आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. ते मोजणारी मोफत साधनं आहेत. साधन नसेल तर फाईल फोनवर उघडून दुपारी पटांगणात जा. उन्हात जे दिसत नाही ते कमी दिसणाऱ्याला सावलीतही दिसत नाही. पिवळ्यावर पांढरं आणि गुलाबीवर लाल तिथेच बाद होतं.

व्हिडिओ बनवत असाल तर त्यात बोललेलं खाली अक्षरांत द्या, निदान लिहिलेली संहिता सोबत पाठवा. आणि फळ्यावर लिहिताना 'हे असं, इथून इथे' असं न म्हणता काय लिहिताय ते बोला. पहिलं ऐकू न येणाऱ्यासाठी, दुसरं न दिसणाऱ्यासाठी.

पीडीएफ आणि पाठवणं

कागद छापून, सही-शिक्का मारून, स्कॅन करून पीडीएफ पाठवायची आपल्याकडे रीत आहे. ती पीडीएफ म्हणजे फोटोच. माऊसने एखादं वाक्य निवडून बघा, निवडलं जात नसेल तर पडदावाचकाला ते सरळ वाचता येत नाही. पीडीएफ करायची तर वर्डमधून 'सेव्ह ॲज' करून, ऑप्शन्समध्ये सुगमतेसाठीच्या टॅगची खूण आहे का ते बघून. लिब्रे ऑफिसमध्ये एक्स्पोर्ट करताना 'टॅग्ड पीडीएफ' निवडा. 'प्रिंट टू पीडीएफ' केलं की दिलेली शीर्षकं वाया जातात.

मराठीत आणखी एक अडचण आहे. युनिकोडमधून केलेल्या पीडीएफमध्येही वेलांट्या आणि जोडाक्षरं कधी कधी आतून विस्कटतात, दिसायला सगळं ठीक असतं. म्हणून माझा आग्रह असा की पीडीएफसोबत वर्डची मूळ फाईलही पाठवायचीच. सही हवी असेल तर सहीची पीडीएफ दफ्तराला आणि वर्डची फाईल वाचकाला.

पाठवण्याआधी वर्डमधल्या रिव्ह्यू टॅबमध्ये 'चेक ॲक्सेसिबिलिटी' दाबा. वर्णन नसलेलं चित्र, शीर्षक ओळ नसलेला तक्ता हे तो दाखवून देतो. वर्णन चांगलं आहे का, प्रश्न सोडवता येतो का, हे त्याला कळत नाही.

व्हॉट्सॲपवर सूचना असेल तर ती संदेश म्हणून टाइप करा. फुलांची चौकट असलेलं पोस्टर करू नका. फोटो टाकावाच लागला तर त्यातला मजकूर खाली लिहा.

"आमच्या शाळेत असं लेकरूच नाही"

हे वाक्य प्रत्येक बैठकीत येतं. "मग हे काहून शिकायचं, मॅडम?" रागावू नका, प्रश्न खरा आहे. मी तीन गोष्टी सांगते. एक, जूनमध्ये कोणतं लेकरू दाखल होईल ते मार्चमध्ये माहीत नसतं. आमच्या भागात ऊसतोडीला गेलेल्या घरांतली मुलं तर वर्षाच्या मध्येच शाळा बदलतात, आणि त्या दिवशी फायली नव्याने बनवायला कुणाला वेळ नसतो. दोन, वाचक फक्त लेकरू नाही. सरकारी नोकरीत दिव्यांगांसाठी निदान ४ टक्के जागा राखीव आहेत, तुमच्याच केंद्रात दृष्टिहीन शिक्षक असू शकतो आणि गटावर टाकलेलं परिपत्रक त्यालाही वाचायचं असतं. तीन, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, १९९५ च्या जुन्या कायद्यात ७ होते. अध्ययन अक्षमता आता त्यात आहे. ती धरली तर आपल्या वर्गात कुणीच नाही असं म्हणायला धीर होत नाही.

कायद्याचा आणखी एक प्रश्न येतो. पुस्तकातला धडा टाइप करून किंवा स्कॅन करून दिला तर स्वामित्वहक्काचा भंग होतो का? दिव्यांग व्यक्तीला वाचता यावं म्हणून सुगम रूपात प्रत करायला स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने मोकळीक दिली आहे. ती प्रत त्या लेकरासाठी, सगळ्या गटावर वाटण्यासाठी नव्हे. टाइप करायला बसण्याआधी २०१६ साली सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालयात (सुगम पुस्तकांच्या ऑनलाइन ग्रंथालयात) ते पुस्तक तयार आहे का तेवढं बघा, आठवडाभराची मेहनत वाचू शकते.

तिसरी बैठक

या बैठकीला पडदावाचक रोज वापरणाऱ्या माणसाला बोलवा. जवळच्या महाविद्यालयातला विद्यार्थी चालेल, बँकेत किंवा शाळेत नोकरी करणारं कुणी चालेल. त्याच्या येण्याजाण्याचा खर्च आणि मानधन आधी ठरवा. तो तुमच्या विषयातला जाणकार म्हणून येतोय, सत्कारासाठी नाही, आणि हार-नारळात त्याचा वेळ घालवू नका. एसटी स्टँडवर घ्यायला जाताना 'हात धरू का?' असं विचारून मग पुढे व्हा.

प्रत्येक शिक्षकाने आपली फाईल त्याच्यासमोर उघडायची आणि गप्प बसायचं. 'इथे जरा खाली या', 'ते वरचं सोडून द्या' असं काही सांगायचं नाही. तो जिथे थांबतो, मागे जातो, पुन्हा ऐकतो, ते कागदावर टिपून घ्यायचं. एका फाईलला दहा मिनिटं पुरतात. मग त्याच जागी बसून दुरुस्ती करायची आणि पुन्हा ऐकवायची. घरी जाऊन दुरुस्त करतो म्हणणाऱ्याची फाईल तशीच राहते, हा माझा अनुभव आहे.

बैठक संपायच्या आत तीन नमुने सगळ्यांच्या पेन ड्राईव्हवर द्या: शीर्षकांसह प्रश्नपत्रिका, पूर्ण भरलेल्या रकान्यांचं वेळापत्रक आणि पालकांना पाठवायची सूचना. नंतर ताण असेल तेव्हा शिक्षक नियम आठवत नाही, जुनी फाईल उघडून तिच्यावरच टाइप करतो. ती जुनी फाईलच बरोबर असली पाहिजे. महिन्याभराने प्रत्येकाकडून नुकतीच पाठवलेली एक फाईल मागवा आणि तुमच्या यंत्रावर ऐका. कुणाची पुन्हा फोटोवर आली असेल तर गटावर लिहू नका, फोन करा. बहुतेकदा कारण साधं निघतं: शाळेचा संगणक बंद पडलेला असतो, किंवा मराठी कळफलक हरवलेला असतो आणि विचारायला संकोच वाटलेला असतो.